शेंगदाणा, तीळ आणि दूध चालत नसलेल्या घरात तेल कोणतं आणावं?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा नऊ वर्षांचा, त्याला शेंगदाण्याची आणि तिळाची ॲलर्जी. गेल्या वर्षी मित्राच्या डब्यातली चटणी खाल्ली आणि ओठ सुजले, धाप लागली, रुग्णालयात न्यावं लागलं. धाकटी तीन वर्षांची, तिला गाईच्या दुधाची ॲलर्जी. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. घरात आजवर शेंगदाण्याचं तेल आणि साजूक तूप. आता मिस्टरांनी लाकडी घाण्याचं करडईचं तेल आणायचं ठरवलं आहे, कारण ‘रिफाइंड म्हणजे विष’ असं त्यांच्या वाचनात आलं. या पाचही जणांना चालेल असं तेल कोणतं?

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. रोजच्या स्वयंपाकाला राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं रिफाइंड तेल आणा. बंद पाकिटातलं, एकाच प्रकारचं, मिश्रण नसलेलं. एक महिना ते आणि एक महिना रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन, असं आलटून पालटून केलं तर उत्तम. घाण्याचं कोणतंही तेल सध्या घरात नको, करडईचंही नको. शेंगदाण्याचं तेल रिफाइंड असलं तरी नको. तूप मोठ्यांच्या ताटात राहू शकतं, पण सगळ्यांच्या स्वयंपाकात पडता कामा नये.

मी ठाण्यात २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. एरवी कुणी विचारलं तर ‘घाण्याचं तेल आणा, चांगलं असतं’ असं मीही म्हणते. त्याला वास असतो, चव असते, जीवनसत्त्व ई जास्त टिकलेलं असतं. पण तुमच्या घरात हिशोब वेगळा आहे.

ॲलर्जी होते ती प्रथिनांची. तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ, त्यात प्रथिन उरलंच नसेल तर शरीर बिथरायला कारण राहत नाही. म्हणून कोणतंही तेल हातात घेतलं की दोनच गोष्टी बघायच्या. ज्या बियांपासून ते काढलं त्यांचं प्रथिन त्यात किती उरलंय? आणि ज्या यंत्रातून ते आलं त्या यंत्रातून आधी काय गेलं होतं?

घाण्यात बी चिरडली जाते आणि तेल कापडातून गाळून किंवा निवळून घेतात. पिंपाच्या तळाशी बसतो तो गाळ म्हणजे बियांचा बारीक चोथाच, आणि त्यात प्रथिनं असतात. तेल वरून कितीही नितळ दिसलं तरी थोडा अंश तरंगत राहतोच. रिफाइंड तेलाचं तसं नसतं. ते पाण्याने धुऊन त्यातला चिकट भाग काढतात, अल्कलीने आम्लं काढतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंश सेल्सिअसच्या वर वाफ सोडून वास घालवतात. एवढं सगळं झाल्यावर प्रथिन नावालाच उरतं. १९९७ साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारचं शेंगदाणा तेल देऊन पाहिलं होतं. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. साठांत सहा म्हणजे दहांत एक. तुमच्या मुलाचा श्वास एकदा अडकलेला आहे, त्याच्या बाबतीत मी दहांत एकाची जोखीम घेणार नाही.

मग रिफाइंड शेंगदाणा तेल का नको? कागदोपत्री ते बहुतेकांना चालतं. पण ‘आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल चालतं’ हे वाक्य एकदा घरात रुळलं की पुढच्या वेळी दुकानातून ‘फिल्टर्ड’ पाकीट येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फिल्टर्ड म्हणजे रिफाइंड नव्हे. आपल्याकडे शेंगदाणा तेलाच्या कितीतरी डब्यांवर ‘फिल्टर्ड’ किंवा ‘डबल फिल्टर्ड’ लिहिलेलं असतं. ते फक्त गाळलेलं तेल असतं, शेंगदाण्याचा वास मुद्दाम राखलेलं. ‘कच्ची घाणी’, ‘कोल्ड प्रेस्ड’, ‘एक्स्पेलर’, ‘व्हर्जिन’ हे सगळे शब्द तुमच्यासाठी त्याच बाजूचे. पाकिटावर ‘रिफाइंड’ हा शब्द स्वच्छ दिसला पाहिजे.

आता करडईबद्दल. तुमच्या मिस्टरांचा तर्क मला कळतो: करडई म्हणजे शेंगदाणा नाही, तीळ नाही, मग अडचण कुठे? हाच तर्क सात-आठ वर्षांपूर्वी मीही केला होता, आणि त्याचा त्रास एका सहा वर्षांच्या मुलीला झाला. नौपाड्यातलं कुटुंब, मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी. मी घाण्याचं करडईचं तेल सुचवलं. दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी खाऊन तिच्या ओठांभोवती गांध्या उठल्या, दोनदा उलटी झाली. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. त्या आठवड्यात मी स्वतः त्या घाण्यावर जाऊन तासभर उभी राहिले. सकाळपासून शेंगदाणा चालू होता. उखळाच्या कडेला पेंड घट्ट बसलेली. कामगाराने ती लोखंडी सळईने खरवडली, मूठभर करडई टाकून एक फेरा मारला आणि लगेच करडईचा घाणा लावला. खाली तेच पिंप, वर तेच गाळायचं कापड. मी विचारलं, ‘आधी काय काढलं होतं हे गिऱ्हाइकाला सांगता का?’ तो म्हणाला, ‘मॅडम, कुणी विचारतच नाही.’ तो खोटं बोलला नाही आणि त्याच्या तेलात भेसळही नव्हती. विचारायचं काम माझं होतं, मी ते केलं नव्हतं.

ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईत आता जागोजागी असे घाणे झालेत. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, तीळ, खोबरं अशी सगळी तेलं दोन-तीन यंत्रांवर आळीपाळीने निघतात. फक्त खोबऱ्यासाठी राखलेला घाणा असेल आणि मालक तो तुम्हाला दाखवायला तयार असेल तरच विचार करा. तोंडी शब्दावर नको.

मिस्टरांना करडईच हवी असेल तर पाकिटातलं रिफाइंड करडई तेल मिळतं, ते आणू द्या. ‘रिफाइंड म्हणजे विष’ या म्हणण्यात खरं किती, तेही सांगते. रिफाइंड करताना चव-वास जातो आणि जीवनसत्त्व ई काही प्रमाणात घटतं, हे खरं. तेल काढायला हेक्झेन नावाचं रसायन वापरतात हेही खरं, पण ते तापवून उडवलं जातं आणि तयार तेलात दहा लाखांत पाच भागांपेक्षा जास्त राहू नये अशी मर्यादा आहे. तेच तेल तळणासाठी चार-चारदा तापवणं याहून कितीतरी वाईट, आणि ते घाण्याच्या तेलाचंही तितकंच वाईट.

राइस ब्रानच का, तर भाताचा कोंडा फारच थोड्या लोकांना बाधतो आणि हे तेल जवळजवळ नेहमी रिफाइंडच मिळतं. त्यात संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी साधारण पाचवा हिस्सा, बाकीच्यात एकेरी आणि अनेक असंपृक्त यांचं बऱ्यापैकी संतुलन. ओरायझॅनॉल नावाचा घटक असतो, तो कोलेस्टेरॉल थोडं उतरवायला मदत करतो, म्हणजे सासूबाईंचंही काम होतं. कडक तापवलं तरी लवकर धूर धरत नाही, त्यामुळे फोडणी आणि पुऱ्या दोन्हींना चालतं. पहिले आठ दिवस सगळे म्हणतील की भाजीला वास नाही. शेंगदाणा तेलाची सवय असलेल्या जिभेला तसं वाटणारच. लसूण आणि कढीपत्ता थोडा सढळ हाताने घाला.

सोयाबीनचं तेल मी सांगितलं ते ओमेगा-३ साठी. राइस ब्रान आणि सूर्यफुलात ते फारसं नसतं, सोयाबीनमध्ये बरं असतं. पण धाकटीला एकदा सोयाचं दूध देऊन अंगावर काही उठलं असेल तर सोयाबीन तेल आणण्याआधी तिच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारा. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही चालत नाही. मासे खात असाल तर तो प्रश्न सोपा आहे: आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. जवसाची चटणी लोक सुचवतील. विकतच्या जवस चटणीत बहुतेक वेळा तीळ किंवा दाणे असतातच, तेव्हा ती नको. घरी करायची तर आधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला, कारण एका बीची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुसरी नवी बी आपल्या मनाने सुरू करू नये.

मोहरीच्या तेलाचं मला कुणी विचारलं नाही, पण घणसोली-कोपरखैरणेला शेजारी उत्तरेकडचे असले की ते घरात येतं. ते बहुतेक कच्च्या घाणीचंच असतं. तुमच्यासाठी बाद.

खोबरेल तेल चालेल. नारळाची ॲलर्जी विरळा. त्याला अक्रोड-बदामांच्या रांगेत बसवायची पद्धत होती, पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला आपल्या ॲलर्जीच्या यादीतून वगळलं. मात्र खोबरेलात जवळजवळ नव्वद टक्के संपृक्त चरबी असते. धाकटीच्या वाट्याला ते मी आनंदाने देईन, सासूबाईंच्या रोजच्या भाजीत नाही.

धाकटीबद्दल थोडं सविस्तर, कारण अशा घरांत सगळं लक्ष मोठ्या मुलाच्या भीतीकडे जातं आणि लहान मूल हळूहळू हाडकुळं होत जातं. तीन वर्षांच्या मुलाला दूध, दही, तूप, लोणी, पनीर सगळं बंद झालं की दिवसाकाठी बरीच चरबी आणि उष्मांक नकळत कमी होतात. मोठ्यांसाठी मी ‘माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल’ असं माप सांगते, तुमच्या घराला दोन-सव्वादोन लिटर पुरायला हवं. पण तिच्या वाटणीला हात आखडता घेऊ नका. वरण-भातावर तुपाऐवजी एक छोटा चमचा खोबरेल किंवा रोजचं तेल सोडा, दिवसातून दोन-तीनदा. एका छोट्या चमच्यात पाच ग्रॅम तेल, म्हणजे ४५ उष्मांक. दर महिन्याला वजन करून वहीत लिहा. कॅल्शियमचं तिच्या डॉक्टरांना विचाराच. नाचणी उत्तम, पण नाचणी एकटी दुधाची पूर्ण भरपाई करत नाही.

तूप. इथे प्रत्येक घरात आजी आणि सून यांच्यात ताण येतो, आणि दोघींचा हेतू चांगला असतो. आजीला वाटतं, तूप कढवताना दूध जळून जातं, बेरी खाली बसते, वर राहतं ते शुद्ध तूप. बरंचसं खरं आहे. पण बेरीचे बारीक कण तुपात राहतात आणि त्यात दुधाचं प्रथिन असतं. किती, ते कढवण्यावर आणि गाळण्यावर अवलंबून. दूध पचत नाही, पोट फुगतं, अशी तक्रार असलेल्या माणसाला तूप बहुतेक चालतं, कारण तिथे अडचण दुधातल्या साखरेची असते. तुमच्या मुलीची अडचण प्रथिनाची आहे. म्हणून तिला तूप नाही. देशी गाईचं ए-टू तूप, म्हशीचं तूप, शेळीचं दूध, यातलं काहीही नाही. ए-टू हेही केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिनच, आणि म्हशीची-शेळीची प्रथिनं गाईच्या इतकी जवळची आहेत की शरीराला फरक कळत नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांकडून ऐकवा. पुढच्या वेळी त्यांना बरोबर घेऊन जा.

मोठ्यांचं तूप राहू द्या. वेगळा डबा, त्याला लाल चिकटपट्टी, त्याचा चमचा त्यातच. पोळीला तूप लावायचं ते ताटात वाढल्यावर. तव्यावर तुपाची पोळी भाजून मग त्याच तव्यावर धाकटीची भाजायची नाही.

आता ज्या तेलातुपाचं नाव पाकिटावर दिसत नाही, त्याकडे येते.

आपल्याकडे ‘गोडेतेल’ हा शब्द आहे. ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांपासून पोळी-भाजी केंद्रातल्या मावशींपर्यंत सगळे तो वापरतात. त्याचा अर्थ घरागणिक बदलतो. बहुतेकांच्या मनात शेंगदाण्याचं तेल असतं, कुणाच्या मनात ‘खाण्याचं कुठलंही’. केंद्रातून भाजी आणत असाल तर ‘गोडेतेल वापरतो’ यावर थांबू नका, डबा दाखवायला सांगा. तळलेलं तर बाहेरचं नकोच. बटाटेवडा निरुपद्रवी वाटतो, पण त्याच कढईत आधी दाण्याचं कूट घातलेला साबुदाणा वडा तळलेला असतो, तीळ लावलेली कोथिंबीर वडी तळलेली असते. तळल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी मरत नाही. भाजलेला दाणा उकडलेल्यापेक्षा जास्तच त्रास देतो. उपवासाच्या दिवशी दुप्पट सांभाळा. सोसायटीत आषाढीला सगळ्यांच्या कढईत शेंगदाणा तेलच असतं, कारण उपवासाला तेच चालतं अशी रीत आहे.

दुसरी जागा म्हणजे बेकरी. भेसळीचं तूप ओळखता यावं म्हणून आपल्याकडे कित्येक वर्षं असा नियम होता की वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल लागलं की लाल रंग येतो, त्यामुळे साजूक तुपात वनस्पती मिसळलेलं लगेच पकडता येई. युक्ती फार हुशारीची, पण तिळाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला कोण सांगणार की डालड्यासारख्या पांढऱ्या तुपात तीळ आहे? खारी, नानकटाई, टोस्ट यांत वनस्पती किंवा मार्गरीन असतं. १ जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅट या हृदयाला घातक चरबीची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली, ते फार चांगलं झालं. पण ट्रान्स फॅट कमी झालं म्हणजे तीळ गेला असं नव्हे. सुट्या बेकरी मालापासून तुमचा मुलगा लांबच बरा.

तिळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आपल्या देशात लेबलवर ॲलर्जीचे घटक वेगळे लिहायचे नियम आहेत. त्या यादीत दूध, शेंगदाणा, सोयाबीन, गहू, अंडी, मासे वगैरे आहेत. तीळ आणि मोहरी नाहीत. शिवाय तेलांना या सूचनेतून सूट आहे. म्हणजे पाकिटावर सूचना नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. घटकांची पूर्ण यादी वाचायची, दर वेळी, तोच ब्रँड असला तरी. मिश्रणाच्या तेलावर कोणती दोन तेलं आणि किती टक्के हे छापलेलं असतं, ते वाचून परत ठेवून द्या. आणि खुरासणी म्हणजे कारळे याला काही दुकानांत ‘काळे तीळ’ म्हणतात. शहापूर-मुरबाडकडून कुणी खुरासणीचं तेल आणून दिलं तर घाबरू नका, झाड वेगळं आहे, तीळ नव्हे. पण तेही गावच्या घाण्यावरचं, म्हणून मुलाला नाही.

तेल बदललं आणि भांडी तीच राहिली तर फार उपयोग नाही. मी घरी जाऊन स्वयंपाकघर बघते तेव्हा सगळ्यात आधी मिक्सरचं छोटं भांडं मागते. ते उलटं करते, पातं फिरवून बघते, मग झाकणाची रबरी रिंग काढते. तुमच्याकडे आजच करून बघा. त्या रिंगेच्या खाचेत वर्षानुवर्षांचं दाण्याचं कूट घट्ट बसलेलं असतं, पिवळट, खवट वासाचं. त्याच भांड्यात तुम्ही मुलासाठी खोबऱ्याची चटणी वाटता. भांडं नवं घ्या, घासून भागणार नाही. लाकडी उलथणं, लाटणं-पोळपाट तेल पितात, तेही बदला. स्टीलची कढई, झारा, पळी साबणाने दोनदा स्वच्छ घासली की पुरे. बिडाच्या तव्यावर शेंगदाणा तेलाचा थर चढलेला असेल तर तो पूर्ण खरवडून, घासून, नव्या तेलाने पुन्हा मुरवा. चिवड्याचे जुने प्लॅस्टिकचे डबे टाकून द्या. हात साबण-पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही, ते फक्त हातभर पसरतं.

सणावारी तूप नाही, मग लाडू कसे? बेसन लाडवाला खोबरेल वापरा. खोबरेलात पाणी नसतं, त्यामुळे बेसन तुपासारखंच भाजलं जातं. तुपाच्या पाऊण मापाने सुरुवात करा, कमी वाटलं तर चमचा-चमचा वाढवा. खोबरेल २४-२५ अंशांच्या वर पातळ राहतं आणि आपल्या हवेत ऑक्टोबरात लाडू बसतात, म्हणून वळून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. शंकरपाळ्यांना रोजच्या तेलाचं कडकडीत मोहन चालतं, दुधाऐवजी नारळाचं दूध घ्या. नानकटाई नीट जमत नाही, ती सोडून द्या.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला तिळाचं तेल काढलं जातं. मुलाला ते लावू नका, खोबरेल लावा. त्याला इसब असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण फाटलेल्या, कोरड्या त्वचेतून आत गेलेलं प्रथिन ॲलर्जी भडकवू शकतं, नवी लावूही शकतं. म्हणून घरात पुढे कधी तान्हं बाळ आलं तर त्याच्या मालिशीलाही शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल नको. देवापुढच्या समईत तिळाचं तेल घालत असाल तर तो डबा ओट्यावर न ठेवता देवघरातच ठेवा.

हे सगळं सांभाळूनही चूक होऊ शकते. मुलाच्या डॉक्टरांनी ॲड्रेनालिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीत लगेच द्यायचं इंजेक्शन, लिहून दिलं नसेल तर या आठवड्यात जाऊन ते मागा आणि द्यायचं कसं ते घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्या, सासूबाईंनीही. ओठ-जीभ सुजली, धाप लागली, आवाज बसला, चक्कर आली, यातलं काहीही दिसलं तर आधी ते द्यायचं, मग १०८ ला फोन. ॲलर्जीची साधी गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही.

तुमच्या पत्रात मुलाच्या रक्ततपासणीत सूर्यफूल आणि तांदूळही ‘पॉझिटिव्ह’ आल्याचं लिहिलंय आणि त्याखाली तुम्ही विचारलंय, आता काय उरलं? सूर्यफुलाचं तेल एवढ्यावरून बाद करू नका. रक्तातला आकडा वाढलेला दिसणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं या दोन गोष्टी आहेत. तो रोज भात खातो आणि त्याला काही होत नाही, तर त्याला तांदळाची ॲलर्जी नाही. मोठमोठ्या यादीच्या तपासण्यांमुळे मुलांची ताटं उगाच रिकामी झालेली मी खूप पाहिली आहेत. ती यादी ॲलर्जीच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे ‘हे तो खातो का, खाल्ल्यावर काय होतं’ एवढं लिहून न्या.

आणि धाकटीच्या बाबतीत त्याच भेटीत एक विचारा. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांची शाळकरी वयापर्यंत सुटते. तपासायचं ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेसमोर, आणि पुष्कळदा सुरुवात भट्टीत भाजलेल्या दुधाच्या पदार्थापासून करतात, कारण खूप भाजलेलं दूध आधी सोसायला लागतं. तिची वेळ कधी आली हे तेच सांगतील. तोवर घरी ‘थोडं चाटवून बघू’ असं कुणी करू नये, तुपाचंही नाही. लाल चिकटपट्टीचा डबा तिच्या हाताला लागणार नाही अशा फडताळात ठेवा.